ऋणमोचन : आलेला निधी आणि उरलेले ऋण



दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या भागातून पायी जाताना एक गोष्ट आपल्या नजरेस पडली असेल. गावच्या मंदिराजवळ किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून एक लहानशी खोली असते. आत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, बाहेर नळ, आणि दारावर देणगी देणाऱ्या कंपनीच्या नावाची मोठी पाटी. कुठे शाळेला संगणक मिळालेले असतात, कुठे अंगणवाडीला रंग, कुठे नाल्याचे खोलीकरण झालेले असते. रक्कम फार मोठी नसते, पण गावाला ती मोठीच वाटते. गावाच्या स्वतःच्या वर्गणीतून तेवढे पैसे उभे राहायला कित्येक वर्षे लागली असती.

अशा वेळी पारावर बसलेल्या माळकऱ्यांच्या मनात एक प्रश्न येतो. हा पैसा घ्यावा का? घेतला तर आपण कोणाचे मिंधे होतो का? आणि नाकारला, तर आपल्या अभिमानापायी गावच्या लेकरांच्या तोंडचे गोड पाणी आपणच हिरावून घेतो का? प्रश्न पैशाचा दिसतो, पण तो घेण्याच्या धर्माचा आहे. देण्याच्या धर्मावर आपण कीर्तनांतून पुष्कळ ऐकतो. घ्यावे कसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज आपण दोघे मिळून त्याचाच विचार करू.

आधी हा पैसा येतो कुठून ते समजून घेऊ. २०१३ च्या कंपनी कायद्यात १३५ वे कलम आहे. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा वर्षाची उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजाच्या कामी लावावेत, असे हे कलम सांगते. याला कागदावर ‘सामाजिक उत्तरदायित्व’ म्हणतात आणि गावात सगळे ‘सीएसआर फंड’ म्हणतात. पिण्याचे पाणी, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, पर्यावरण अशा कामांची यादी कायद्याला जोडलेली आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. आता हिशेब करून पाहा. वर्षाला सरासरी पाच कोटी नफा मिळवणाऱ्या कंपनीच्या वाट्याला येतात दहा लाख रुपये. शंभरातले दोन. त्यात दोन-तीन गावांची कामे बसवायची, म्हणजे एका गावाच्या वाट्याला जे येते ते लहानच असते.

इथे पहिली शंका उभी राहते. आपल्यातले जाणते लोक म्हणतात, “हे दान कसले? कायद्याने भाग पाडले म्हणून दिले. मनात भाव नाही, त्याला पुण्य कसले?” शंका खरी आहे. २०२१ पासून तर न खर्चलेली रक्कमही कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती ठरलेल्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते. सक्तीने सुटलेल्या मुठीला दान म्हणणे जिवावर येते.

पण थोडे थांबून विचार करा. देणाऱ्याला पुण्य लागले की नाही, हा खातेवहीचा कोणता रकाना आहे? तो देणाऱ्याचा आणि पांडुरंगाचा रकाना आहे. त्याची बेरीज करण्याचे काम आपल्याकडे कोणी दिलेले नाही. शिवाय ज्या मालातून तो नफा झाला, तो माल कोणाचा? कापूस आपल्या शेतातला, साबण विकत घेणारी आपली माय, वीज जाळणारे आपले घर. नफ्यातले शंभरातले दोन गावाकडे परत आले, तर त्याला उपकार म्हणण्यापेक्षा वाटा म्हणणे अधिक खरे. वाटा घेताना मान खाली घालायची नसते आणि उर्मटपणाही करायचा नसतो. पंगतीत वाढणारा पानात वाढतो, आपण हात जोडून घेतो आणि पुढच्याला वाढायला जागा करून देतो. तसे घ्यावे.

मग संतांनी काय केले, असे तुम्ही विचाराल. इथे आपल्या परंपरेत दोन चित्रे समोरासमोर दिसतात. एक चित्र देहूचे. तुकोबारायांनी सावकारीतील आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडून दिली आणि पुढे शिवरायांकडून आलेला नजराणाही परत पाठवला, असे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. दुसरे चित्र आपल्या वऱ्हाडातले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेला आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखत वाढलेला डेबू. पुढे त्यांनाच जग गाडगेबाबा म्हणू लागले. बाबांनी आयुष्यभर लोकांकडून घेतले. शेटजींकडून घेतले, व्यापाऱ्यांकडून घेतले, मजुरांकडून घेतले. त्या पैशांतून नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, घाट बांधले गेले, सदावर्ते चालली.

एकाने नाकारले, दुसऱ्याने घेतले. मग खरे कोण? दोघेही. तुकोबांपुढे आलेले होते ते त्यांच्यासाठी होते, म्हणून त्यांनी ते परत केले. बाबांच्या हाती आलेले होते ते दुसऱ्यांसाठी होते, म्हणून ते त्यांनी घेतले आणि त्यातला कणही स्वतःकडे ठेवला नाही. लाखोंच्या इमारती उभारणाऱ्या माणसाचे स्वतःचे कुटुंब झोपडीत राहिले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार होता. त्या वास्तूंवर स्वतःच्या गणगोताचा हक्क त्यांनी ठेवला नाही. तेव्हा परीक्षा पैशाची नाही, वाटेची आहे. पैसा माझ्या घराकडे वळतो की पुढे वाहत जातो, एवढेच पाहायचे. पहिल्या जागी नाकारणे हा धर्म आणि दुसऱ्या जागी घेणे हा धर्म.

पण बाबांच्या घेण्यात आणखी एक गोष्ट होती, आणि आजच्या निधीच्या काळात नेमकी तीच विसरली जाते. त्यासाठी भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी जाऊ. गावाचे नाव ऋणमोचन. नावातच ऋणातून सुटका आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे मोठी यात्रा भरते. १९०५ साली घर सोडलेले बाबा या यात्रेला येत. काठावर नुसता चिखल. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. चरित्रकार सांगतात, की बाबांनी कोणाला काही न म्हणता स्वतःच माती ओढायला, दरड सारखी करायला सुरुवात केली. आधी लोक नुसते पाहत राहिले. मग एकाने टोपले घेतले, दुसऱ्याने कुदळ. पुढे पैसाही आला आणि घाट बांधून झाला.

क्रम पाहिलात का? आधी हात, मग टोपले, मग पैसा. आजकाल आपण क्रम उलटा लावतो. आधी प्रस्ताव, मग निधी, मग उद्घाटन, आणि हात कधीच नाही. पैसा आधी आला आणि हात मागून आलेच नाहीत, तर त्या कामाला गावात मूळ फुटत नाही. कुंडीतले झाड आणून अंगणात ठेवल्यासारखे ते दिसते. जोवर देणारा पाणी घालतो तोवर हिरवे.

आता पूर्णेच्या काठचाच रोजचा प्रश्न घ्या. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारे. विहीर खणली तरी खारे, बोअर घेतली तरी खारे. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षे ते पाणी प्यायलेल्या घरांत मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती असते. वान धरणावरच्या चौऱ्याऐंशी खेड्यांच्या योजनेसारख्या सरकारी योजनांनी बऱ्याच गावांना गोड पाणी दिले. तरी नळाला किती दिवसांनी पाणी येते, हे त्या गावच्या बायांनाच विचारावे. म्हणून अशा गावांत पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवणे, हे लहान निधीतून होणारे आवडते काम झाले आहे. काम दिसते, लवकर होते, छायाचित्रही चांगले येते.

असे यंत्र बसले की पहिले वर्ष आनंदात जाते. पाच-सात रुपयांत वीस लिटरचा कॅन भरतो. मग आतली गाळणी तुंबते. खारे पाणी असल्यामुळे आतला पडदा लवकर खराब होतो, आणि तो बदलायचा खर्च हजारोंत असतो. विजेचे बिल थकते. यंत्र चालवणारा पोरगा पगार मिळत नाही म्हणून पुण्याला निघून जातो. एक दिवस खोलीला कुलूप लागते. दारावरची पाटी मात्र तशीच चकचकीत राहते. देणाऱ्याचे नाव कायम आणि पाणी गायब!

दोष कोणाचा? कंपनी म्हणेल, आम्ही यंत्र दिले. ग्रामपंचायत म्हणेल, आमच्याकडे तरतूद नाही. गावकरी म्हणतील, कंपनीचे यंत्र आहे, कंपनीने पाहावे. ‘कंपनीचे यंत्र’ या दोन शब्दांतच सगळे बिघडले. जे आपण घेतले ते आपले झाले नाही.

याच यंत्राची आणखी एक बाजू सांगतो, कारण ती पुण्याच्या कामात लपून राहते. खाऱ्या पाण्यातून गोड पाणी काढले, तर उरलेले पाणी आणखी खारे होते. लहान यंत्रांत जेवढे गोड पाणी मिळते, जवळपास तेवढेच, कधी त्याहून जास्त, हे खारे पाणी बाहेर पडते. ते सोडायचे कुठे? पाइप मागच्या नालीत सोडला, नाली शेजारच्या वावरात गेली, तर आपल्या गोड घोटाची किंमत त्या शेतकऱ्याची जमीन मोजते. तेव्हा यंत्र घेण्याआधी हे पाणी कुठे जाईल, ते सडा-सारवण, धुणे किंवा शौचालयाला वापरता येईल का, हे गावाने बसून ठरवले पाहिजे. परोपकार करताना शेजाऱ्याला पीडा होत नाही ना, हे पाहणे आपल्याच शिकवणुकीत आहे. कंपनीच्या अर्जात हा रकाना असो वा नसो, माळकऱ्याच्या मनात तो असायला हवा.

मग करावे कसे? एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात झाले. २०१६ साली पानी फाउंडेशनने ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा पहिल्यांदा घेतली, तेव्हा महाराष्ट्रातून तीन तालुके निवडले होते. साताऱ्यातला कोरेगाव, बीडमधला अंबाजोगाई आणि आपल्या अमरावतीतला वरुड. वरुड म्हणजे संत्र्याचा मुलूख. बागा जगवण्यासाठी जमिनीतले पाणी इतके उपसले गेले होते, की बोअर खोल खोल जात होत्या. या उपक्रमामागे मोठ्या उद्योगांचा पैसा होता, हे उघड आहे. पण पैशाची वाट कशी आखली होती ते पाहा. गावातली माणसे आधी प्रशिक्षणाला गेली. पाणलोट म्हणजे काय, समतल चर कसा काढायचा, हे शिकून आली. मग भर उन्हाळ्यात गावाने श्रमदान केले. श्रमदानाला गुण होते, त्यामुळे कुदळ हाती घेतल्याशिवाय गावाला पुढे जाता येत नव्हते. काही ठिकाणी उत्साह टिकला, काही ठिकाणी स्पर्धा संपताच ओसरला, हेही खरे. पण ज्या बाईने स्वतः चर खोदला, तिला त्या चरात साचलेले पहिले पाणी कोणाचे, हे सांगावे लागत नाही.

आपल्या अमरावतीचे तपोवनही आठवा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी ते उभे केले. समाजाने टाकलेल्या माणसांना तिथे उपचार तर मिळालेच, पण हाताला कामही मिळाले. बाहेरची मदत घेतली, पण घेणाऱ्याला नुसता घेणारा ठेवला नाही. दान पचते ते असे. पोटात गेलेले अन्न श्रमाने पचते, तसे गावात आलेले दानही श्रमानेच पचते.

आता दुसरी शंका, आणि ती पहिलीपेक्षा अवघड आहे. एखाद्या कारखान्याने गावाची हवा बिघडवली, नाल्यात घाण सोडली, आणि वर शाळेला बाक देऊ केले, तर? आपल्याकडे म्हण आहे, खाल्ल्या मिठाला जागावे. माणूस म्हणतो, त्यांनी आपल्या लेकरांना बाक दिले, आता त्यांच्याविरुद्ध तोंड कसे उघडायचे? वाचकहो, खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मीठ काय करते हे सांगायला नको. थोडे मीठ अन्नाला चव आणते, आणि जास्त झाले की जमीनच मारते. कृतज्ञतेचेही तसेच आहे. देणाऱ्याचे चांगले चिंतावे, त्याच्या माणसांना पाणी-चहा द्यावा, आभाराचे पत्र पाठवावे. पण बाकाच्या बदल्यात नाल्याची घाण मान्य करू नये. नुकसान भरून देणे हे त्याचे कर्ज आहे आणि बाक देणे ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही एका वहीत लिहिल्या, की कर्ज दानाच्या नावाखाली बुडते. ज्याची देणगी घेतल्यावर खरे बोलता येणार नाही, त्याची देणगी न घेणेच बरे. ही गोष्ट गावाने घेण्याआधी ठरवावी. घेतल्यानंतर ठरवणे फार जड जाते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. भक्तिमार्गातला माणूस हिशेबाला कंटाळतो. “देवाच्या कामात कसला हिशेब?” असे सहज म्हणून जातो. त्यांनी दामाजीपंतांची कथा पुन्हा एकदा मनात आणावी. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला. दामाजींनी बादशहाची धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली. दयेचे केवढे मोठे काम! पण धान्य दुसऱ्याचे होते. तेव्हा पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, मोहरा मोजून दिल्या, आणि कथा सांगते की पावती घेऊन मगच परत फिरला. पुढे ती पावती दामाजींना आपल्या पोथीत सापडली. विश्वाचा मालक आहे तो. त्याला पावतीची गरज काय? पण दुसऱ्याच्या धनाने केलेल्या दयेचा हिशेब पुरा झाला पाहिजे, हे त्याने स्वतः करून दाखवले. मग आपल्या मंडळाला पावती जड का व्हावी?

म्हणून निधी आला की मंदिराच्या भिंतीवर फळा लावा. किती आले, कशावर गेले, किती उरले. दर एकादशीला भजनाआधी दोन मिनिटे तो वाचून दाखवा. हे फार कठीण नाही. आपल्या दिंडीत आपण हेच तर करतो. भिशी किती जमली, किराणा किती लागला, ट्रकचे भाडे किती झाले, हे दिंडीचालक सगळ्यांसमोर सांगतो, आणि ज्या दिंडीत तो सांगत नाही ती दिंडी दोन-चार वर्षांत फुटते. चारशेहून अधिक वर्षे कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला जाते. इतक्या पिढ्या एवढी मोठी वाट श्रद्धेवर चालली, आणि तिच्याखाली न दिसणारा रोजचा चोख व्यवहारही होता. ज्याने आज वाढले त्याने उद्या भांडी घासली, ज्याच्याकडे नव्हते त्याचे दुसऱ्याने भरले. वारीचे हे शहाणपण गावच्या कामात आणले, तर कोणत्याही कंपनीच्या तपासनिसाला आपण डोळ्याला डोळा भिडवून वही दाखवू शकू.

इथे कायद्यातली एक अडचणही सांगितली पाहिजे. हा निधी कोणाही मंडळाला थेट मिळत नाही. कंपनी स्वतः काम करते किंवा नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करते. न्यास, संस्था, ठरावीक वर्षांच्या कामाचा अनुभव, प्राप्तिकराचे दाखले, आणि २०२१ पासून केंद्राकडे वेगळी नोंदणी, असे सगळे कागद लागतात. परिणाम असा, की कागद ज्याच्याकडे त्याच्याकडे निधी. मेळघाटाच्या पायथ्याची वाडी किंवा पारध्यांचा बेडा यांच्याकडे कागद नाहीत, शहरात ओळख नाही, इंग्रजीत अर्ज लिहिणारा नाही. ज्याची तहान सर्वांत मोठी, त्याचा अर्ज सर्वांत मागे. म्हणून तुमच्यात कोणी निवृत्त शिक्षक असेल, पतसंस्थेत नोकरी केलेला असेल, शहरात शिकणारी मुलगी असेल, तर शेजारच्या वाडीचा अर्ज लिहून देणे ही आजच्या काळातली सेवा आहे. पायरी झाडण्याइतकीच पवित्र.

आणि गावातल्या गावातही हाच प्रश्न आहे. यंत्र कोणत्या वस्तीत बसले? कोणाच्या दारासमोर? कॅन भरायला रांगेत उभे राहताना कोणाला अंग चोरावे लागते का? पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरीही देत नव्हते, त्या वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. जमवलेला पैसा सर्वांत आधी कुठे लागावा, याचे उत्तर बाबांनी दगडविटांत लिहून ठेवले आहे. आपल्या गावच्या यंत्राचा पाइप शेवटच्या वस्तीपर्यंत गेला की नाही, एवढे पाहिले तरी बाबांचे चरित्र वाचल्यासारखे होईल.

राहिली पाटी. देणाऱ्याच्या नावाची पाटी लावावी का? लावावी. नाव सांगण्यात चूक नाही. लपवलेल्या दानापेक्षा उघड दान हिशेबाला सोपे असते. फक्त पाटीचे माप पाहावे. वारीत अलीकडे छत्र्यांवर, रेनकोटवर, टोप्यांवर मोठी मोठी नावे येतात, आणि कपाळावरच्या बुक्क्यापेक्षा पाठीवरची अक्षरे आधी दिसतात. पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्या माउलीला छत्री मिळाली याचा आनंदच आहे. पण आपण नामधारक आहोत. आपल्या अंगावर मिरवायचे नाव कोणते, हे माळ घातली त्या दिवशीच ठरले. तेव्हा देणाऱ्याला नम्रपणे सांगावे : “नाव लहान लिहा, आणि त्याच्याखाली गावाने दिलेल्या श्रमाचीही एक ओळ लिहा.” चांगला देणारा हे ऐकतो. आणि जो ऐकत नाही, त्याला काम हवे होते की जाहिरात, हे तिथेच कळते.

तर वाचकहो, उद्या तुमच्या गावात कोणी असा निधी घेऊन आला, तर दार लावू नका आणि पायही धरू नका. त्याला पारावर बसवा, पाणी द्या. सगळ्या वस्त्यांतली माणसे बोलवा, बायांना मागे बसवू नका, कारण पाणी त्याच भरतात. मग एकेक विचारा. हे काम आम्हाला हवे आहे की तुम्हाला दाखवायला हवे आहे? यात आमचे श्रम किती आणि वर्गणी किती? दुसऱ्या वर्षी बिल कोण भरणार, बिघडले तर दुरुस्त कोण करणार? याचा त्रास कोणाला होणार नाही ना? सगळ्यात मागे राहिलेल्यापर्यंत हे कसे पोहोचणार? आणि हे घेतल्यावर आम्हाला खरे बोलता येईल ना? उत्तरे मिळाली की हात जोडून घ्या. मिळाली नाहीत, तर तुकोबारायांचे स्मरण करून नमस्कार करा आणि आपल्या वर्गणीतून जेवढे होईल तेवढे करा. दहा घरांनी मिळून साफ केलेली एक जुनी विहीरही पांडुरंगाला पोहोचते.

आणि घेतलेल्याचे ऋण? ते फिटते का? यंत्र पाच वर्षे नीट चालवले, कॅनमागे एक रुपया बाजूला टाकला, आणि त्या शिलकीतून शेजारच्या वाडीच्या यंत्राचा पडदा बदलून दिला, तर फिटायला लागते. कंपनीला पैसे परत करून हे ऋण फिटत नाही. ते पुढच्याला देऊन फिटते. पौषात ऋणमोचनला जाल, तेव्हा पूर्णेत उतरताना पायाखालच्या पायऱ्या मोजा. त्या कोणाच्या पैशाने झाल्या हे आज कोणाला आठवत नाही, पण शंभर वर्षांहून अधिक काळ म्हाताऱ्या माणसांचे पाय तिथे टेकत आले आहेत.

पांडुरंग आपल्या गावाला गोड पाणी देवो, आणि ते सांभाळण्याची बुद्धीही देवो.

रामकृष्णहरि!